हिराबायचं पथ्य

हे मी उभ्याने लिहिते आहे. इस्त्रीच्या टेबलावर वही, शेजारी पाण्याची बाटली, पायात चपला. बसून लिहायला घेतलं की वीस मिनिटांत कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कोणीतरी तार ताणायला लागतं, मग कसलं लिहिणं आणि कसलं काय! भिवंडीच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते तिथे पोरं मला मागून ‘लंबक’ म्हणतात. मला ठाऊक आहे. या भिंतीकडून त्या भिंतीकडे, त्या भिंतीकडून या भिंतीकडे, अख्खा तास मी असा काढते. तेव्हा मध्येच एखादं वाक्य तुटलं तर समजून घ्या, बाई फेरी मारायला गेल्या.

लिहायचं आहे हिराबायबद्दल. काल्हेरची हिराबाय. दोन वर्षं होतील तिला जाऊन. गेली ती तापाने, आठ दिवसांत, पाठीने नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात अजून लोक म्हणतात, ‘म्हातारीनी ऐकला न्हाय, शेतात वाकली, म्हनून गेली.’ ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पाठीचा आणि तापाचा काडीचा संबंध नव्हता. तिच्या मुलाने, जगनने, हे शंभर वेळा सांगितलंय. पण म्हातारीने ऐकलं नाही ही गोष्ट लोकांना सांगायला फार आवडते, त्याला कोण काय करणार?

आमची ओळख झाली ती दोघी उभ्या होतो म्हणून. भिवंडीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी मी दाराजवळ फेऱ्या मारत होते. समोरच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. साठीची, काळीसावळी, ताठ, इतकी ताठ की झेंडावंदनाला उभी आहे असं वाटावं. हिरवी नऊवारी, नाकात सोन्याची चमकी, आणि हातात एक लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला वाकवलेला खिळा. मला वाटलं आंबे काढायला निघाली आहे.

“तुना पन बसवत न्हाय क?” तिने विचारलं.

मी भिवंडीच्या जुन्या वस्तीतली, कारकुनांच्या घरातली. आमच्याकडे अनोळखी माणसाला ‘अहो’ म्हणतात. हिराबाय देवाला, डॉक्टरला, तलाठ्याला आणि गणिताच्या बाईला एकाच ‘तू’मध्ये घ्यायची. मी म्हटलं, “नाही बसवत. चार वर्षं झाली.”

“चार?” ती हसली. “अजून बालवाडीत हाय तू. माजी नववी चालू हाय.”

मग तेवढ्यात तिच्या हातातली केसपेपरची चिठ्ठी खाली पडली. मी वाकणार नव्हते, ती तर नाहीच. तिने काठी फिरवली, खिळ्यात कागदाचं टोक अडकवलं आणि वर उचलून घेतलं. नऊ वर्षांचा सराव होता.

हिराबाय वाकत नसे. म्हणजे अजिबात नाही. तिच्या तीन मजली बंगल्यात सगळं वर उचललेलं होतं. तुळस छातीएवढ्या ओट्यावर. झाडूला पुरुषभर दांडा. कोंबड्यांचं खुराडं तिने गच्चीच्या कठड्यावर बसवून घेतलं होतं, म्हणजे अंडी उभ्याने काढता येतात. थोरल्याच्या लग्नात पाया पडायची वेळ आली तेव्हा व्याह्यांनी खुर्चीवर उभं राहावं का, यावर म्हणे चर्चा झाली होती. आणि तिची नात, दीड वर्षाची, चालायला लागायच्या आधी स्टुलावर चढायला शिकली. आजीने उचलून घ्यायला हवं असेल तर आधी वर यावं लागतं, हे त्या पोरीला कळलं होतं. आजी जमिनीवरून उचलत नाही.

का, तर पहिल्यांदा पाठ धरली तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं: वाकाचा न्हाय.

त्या नऊ वर्षांत तिने काय केलं नव्हतं? दोन एमआरआय, तीन पट्टे, सुया, मालिश, शहापूरकडचा एक हाड बसवणारा. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात तर इतक्या वेळा बसून आली होती की तिथला फुलवाला तिला नावाने ओळखायचा. “पान्यात गेली का बरा वाटतं ग,” ती सांगायची. “पन सासू बाहेर चपला राखत बसते ना! वर आली का परत गल्यात गला.”

सासू म्हणजे तिचं दुखणं. नाव तिनेच ठेवलेलं. ‘आज सासू लवकर उठली’, ‘आज सासूचा मूड बरा हाय’, ‘सासूला जत्रा आवडत न्हाय’. खरी सासू मरून पंचवीस वर्षं झाली होती, आणि सुनेसमोर ती बिनधास्त असं बोलायची. सून बिचारी प्रत्येक वेळी दचकायची.

थांबा, जरा खिडकीपर्यंत जाऊन येते.

हं. तर डॉक्टर सबा. भिवंडीचीच पोर, ठाण्याला शिकलेली, फिजिओथेरपीची डॉक्टर. एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत दर बुधवारी ती जुन्या दुखण्याच्या लोकांचा वर्ग घ्यायची. मला आणि हिराबायला हाडांच्या डॉक्टरने तिच्याकडे ढकललं, आणि ढकलताना त्याचा चेहरा असा होता की बला टळली. आम्ही आठ-दहा जण असू. लूमवर उभं राहून गुडघे गेलेले दोन चाचा, गोडाऊनमध्ये पेट्या उचलून मान गेलेला एक जण, आणि आम्ही. खोलीत चटया होत्या. चटईवर कोणीही बसलं नाही. पहिल्या दिवशी सबाने सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “ठीक आहे, उभ्यानेच सुरू करू.” तिथेच ती मला आवडली.

ती म्हणाली, “हिराआंटी, आपकी चोट तो कब की भर गयी. रिपोर्टमध्ये आता वाईट काही नाही. पण आत पहारा करणारी जी नस आहे ना, ती अजून घाबरलेली आहे. जरा हललं की शिट्टी मारते. दुखणं खरं आहे, खोटं अजिबात नाही. पण प्रत्येक शिट्टीला चोर नसतो.”

मी नाक मुरडलं. मला वाटलं, आता ही सांगणार की सगळं मनात आहे. चार वर्षांत हे मला चार जणांनी सांगितलं होतं आणि चौघांच्याही डोक्यात डस्टर घालावासा वाटला होता.

हिराबाय मात्र विचारात पडली. “आमचे गोडाऊनचा वॉचमन असाच हाय,” ती म्हणाली. “मांजर गेली तरी शिटी. मी जगनला बोलली, काढून टाक त्याला.”

“याला काढता नाही येत, आंटी. याला भरवसा द्यावा लागतो.”

“म्हंजे रोज त्याचे समोरून मांजर न्हेवाची?”

“हां,” सबा म्हणाली. “रोज. पहिल्यांदा लहान मांजर.”

मग तिने डोळे मिटून श्वास मोजायला लावले. श्वास हळू सोडायचा, सोडताना एक आकडा, एक ते दहा. दुखलं तर दुखू द्यायचं, पळायचं नाही, कुठे दुखतंय ते फक्त बघायचं. मी सातपर्यंत गेले आणि घरी गॅस बंद केला का याचा विचार करायला लागले. शेजारी हिराबाय काहीतरी पुटपुटत होती. आकडे नव्हते ते.

“मोठी... चिंचेखालची... खारी... आडवी... देवाची...”

मला वाटलं देव्यांची नावं घेते आहे. नंतर विचारलं तर म्हणाली, “आकडे मना आवडत न्हाय. खाचरांची नावा घेतली.”

आमच्याकडे भाताच्या खाचरांना नावं असतात. तिच्या घरच्यांची अकरा होती. दहांवर आता गोडाऊनं उभी आहेत, काल्हेरपासून मानकोलीच्या फाट्यापर्यंत पत्रेच पत्रे. तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी एकेक करून दिली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बंगला त्यातूनच झाला, लिफ्टही त्यातूनच. राहिलं होतं एकच, सगळ्यांत लहान, दोन गोडाऊनांच्या भिंतींमध्ये अडकलेलं. त्याचं नाव बारकी.

सबाने विचारलं, “आंटी, नावं घेताना दुखणं कुठे वाढलं?”

“देवाचीला,” हिराबाय लगेच म्हणाली.

देवाची हे त्यांनी दिलेलं पहिलं खाचर; वर्षापूर्वी घेतलेल्या इसारातून बंगला पुरा होत आला होता. आवण, म्हणजे भाताची रोपं, तयार होतं, लावणी व्हायची होती, आणि ठरलेल्या दिवसाच्या आधीच भरावाचा डंपर आला. “मी बांधावर उभी,” तिने सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. “पैली माती पडली आनि मी खाली उतरली. आवनाची एक मूठ घेवाला वाकली. तशीच ऱ्हायली. उठताच येईना. जगननी उचलून गाडीत घातली.”

सबा वयाने केवढीशी, पण शहाणी. तिने काही अर्थ काढून दाखवला नाही. “पाणी घ्या आंटी,” एवढंच म्हणाली.

त्या बुधवारी परत येताना हिराबायने मला तिच्या मनातलं सांगितलं. त्या वर्षी बारकी जाणार होती. पावसाळ्यानंतर भराव पडणार, बोलणं पक्कं झालं होतं. त्याआधी तिला एकदा स्वतःच्या हाताने बारकीची आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची होती. मजूर लावून नव्हे, खुर्चीवर बसून बघून नव्हे. चिखलात उतरून. “दहा गेली, दहांची शेवटची आवनी मी केली न्हाय,” ती म्हणाली. “हीची करीन.”

“मग कराल की,” मी म्हटलं.

“कशी करीन? वाकाचा न्हाय ना!”

तिला तासभर समजावलं. रिपोर्ट बरा आहे, सबा म्हणते वाकायला हरकत नाही. ती ऐकेना. पथ्य ज्याने घातलं त्यानेच सोडवायला हवं. मंगळवार धरला तर उद्यापन कोणीतरी करून देतं ना, तसं. सबाने घातलेलं नव्हतं, मग सबा कशी सोडवणार? हे तर्कशास्त्र मला गणित शिकवूनही खोडता आलं नाही. शेवटी मीच म्हटलं, चला त्या डॉक्टरकडे.

मी तिला न्यायला काल्हेरला गेले, पण आता जायचं कसं? बुधवारी ती उभ्याने यायची ती एसटी त्या वेळेला नव्हती. रिक्षात बसवत नाही. जगनची मोठी गाडी दारात उभी, पण तिच्यात तर टेकून बसावं लागतं. हिराबायने भाच्याला फोन लावला. त्याचा सुताचे बाचके वाहणारा टेम्पो होता. आम्ही दोघी मागच्या हौद्यात, कडेचा लोखंडी दांडा धरून, उभ्या. काल्हेर ते भिवंडी! तो रस्ता ज्यांनी बघितला आहे त्यांना मी काय सांगू? प्रत्येक खड्ड्याला हिराबाय मोठ्याने एका खाचराचं नाव घ्यायची. अंजूरफाट्याला सिग्नलला टेम्पो थांबला आणि शेजारच्या बाइकवर माझ्या दहावी अ मधली दोन पोरं. त्यांनी हेल्मेटची काच वर केली. मी म्हटलं, “उद्या गृहपाठ तपासणार आहे.” दुसरं काय बोलणार?

डॉक्टर म्हातारे झाले होते. दवाखाना आता त्यांची सून बघते, ते मागच्या खोलीत ओळखीच्यांना तपासतात. हिराबायने प्लास्टिकच्या पिशवीतून नऊ वर्षांचा पिवळा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

“वलखला क?”

त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, मान हलवली. “चमक भरली होती. स्नायू ताठरले होते. मग? आता काय त्रास?”

“तू बोलला वाकाचा न्हाय.”

“बरोबर. सहा आठवडे.”

“मंग सोडव.”

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. तुळशीचा ओटा, कोंबड्या, काठी. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. “अहो, पण मी सहा आठवड्यांनी दाखवायला बोलावलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही आलाच नाहीत.”

“सव्या आठवड्यात आमी बंगल्यात राव्हाला गेलो. वास्तुशांत होती.”

“नऊ वर्षं?” ते म्हणाले. “नऊ वर्षं तुम्ही...” त्यांनी चष्मा काढून ठेवला.

तेवढ्यात पंख्याने कागद उडाला आणि जमिनीवर पडला. हिराबायची काठी बाहेर टेम्पोत राहिली होती. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हळूच घंटी वाजवून कंपाउंडरला बोलावलं, आणि वळताना त्यांच्या शर्टाखालचा कमरपट्टा मला दिसला. हिराबायलाही दिसला.

“अगो बाय!” ती ओरडली. “तुजा कोनी सोडवाचा?”

ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी हसू आवरायला भिंतीकडे तोंड केलं. कंपाउंडर कागद हातात घेऊन तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. हसणं ओसरल्यावर डॉक्टर उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “चूक माझी आहे हिराबाई,” ते म्हणाले. “मी चौकशी करायला हवी होती. आता मी सांगतो, वाका.” तिने मान डोलावली. तिथे वाकली नाही हं. शब्द पदरात बांधून घेतल्यासारखा घेतला आणि घरी आली.

फाल्गुनात सुरुवात झाली. सबाने हिशोब घालून दिला, हिराबायने तो आपल्या पद्धतीने मांडला. अंगणात विटांचा एक ढीग, कमरेएवढा. श्वास सोडत, नावं घेत, वाकून वरच्या विटेला हात लावायचा. आठवडाभर दुखण्याने फार दंगा केला नाही तर एक वीट कमी. दंगा केला तर वीट तशीच, पण वाकणं बंद नाही. मी संध्याकाळी शाळेतून येताना बघायला जायचे. माझ्यासाठी तिने शेजारी दुसरा ढीग लावला होता. मी त्याला उगाच दोन-तीनदा हात लावला असेल. मला घाई असायची, पेपर तपासायचे असायचे, भाजी आणायची असायची. खरं सांगायचं तर भीती वाटायची. मांजर बिंजर ऐकायला ठीक आहे, पण टाचेपर्यंत वीज गेली की सगळं ज्ञान पळून जातं.

तिलाही भीती वाटायची. एक दिवस ती विटांपुढे नुसती उभीच होती. “सासू बोलते, आज वाकली तर मोडीन तुना,” ती म्हणाली. कपाळावर घाम. मी म्हटलं, राहू द्या आजचा दिवस. तिने माझ्याकडे रागाने बघितलं, श्वास सोडला, ‘मोठी’ म्हणाली, आणि हात टेकवला. सहा विटा उरल्या होत्या तेव्हा.

वैशाखात ती पडली. म्हणजे वाकून उठताना चमक भरली आणि आठ दिवस अंथरुणाला खिळली. जगन माझ्या दारात आला. भला माणूस तो, आवाज कधी चढवत नाही, त्या दिवशी चढवला. “मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेली माणसं. तिला कशाला नादी लावता? उद्या ती कायमची बसली तर तुम्ही येनार हाय तिला उचलायला? मी आजच सांगतो पार्टीला, भराव पावसाच्या आधी टाका. शेतच न्हाय राहिला तर हट्ट कसला?”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्यानेच तिला एकदा चिखलातून उचलून गाडीत घातली होती, आणि तो भार अजून त्याच्या हातात होता. मी आठ दिवस नीट झोपले नाही, सबाला पाच वेळा फोन केला. सबाने येऊन तिला तपासलं आणि म्हणाली, “नवीन काही नाही. घाबरलेला वॉचमन आहे. दोन विटा परत वर ठेवा.”

नवव्या दिवशी हिराबाय उठली. दोन नाही, तीन विटा परत ठेवल्या. आणि जगनला समोर बसवून म्हणाली, “देवाचीला तू डंपर आनला तवा मी तुना कवा काय बोलली?”

“न्हाय.”

“बारकीला आनशील तर बोलीन.”

नऊ वर्षांत हे पहिल्यांदा तोंडावर आलं होतं. जगन म्हणाला, “कापनीपर्यंत थांबतो. पन मजूर लावू आई. तू बांधावर खुर्ची टाकून बस.”

“खुर्चीवर बसून आवनी बघाला मी काय सर्कशीला आली?”

पावसाळा लागून महिना झाला, बारकीत चिखलणी झाली. आवणीच्या दिवशी रविवार होता. वाड्याकडच्या चार बायका कामाला आल्या होत्या. दोन्ही बाजूंना गोडाऊनच्या भिंती, वर पत्रे, त्यावर पावसाचा ताशा, आणि मध्ये हा एवढासा हिरवा चौकोन. जगन बांधावर गाडीची किल्ली हातात धरून उभा. कधीही पळायला लागेल, अशा तयारीत. मी त्याच्या शेजारी छत्री घेऊन.

हिराबायने कासोटा खोचला आणि समोरच्या बांधाच्या कडेला उभी राहिली. उभीच राहिली. बायकांनी दोन ओळी लावल्या, तीन लावल्या. ती हलेना. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, नाही जमणार. जगन पुटपुटला, “चल ना आई घरी,” पण त्यालाही ते तिच्यापर्यंत पोचायला नको होतं.

मग ती उतरली. गुडघाभर चिखलात, आवणाची मूठ डाव्या हातात घेतली, आणि वाकली. विटा नव्हत्या, ओटा नव्हता, खाली नुसतं पाणी. पहिली काडी लावली. दुसरी लावली. वर आली, कमरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं, आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आली क? ये. आता आलीच हाय तर तू पन लाव चार काड्या.”

बायका खिदळल्या. त्यांना काय ठाऊक कोण आली ते.

दुपारपर्यंत ती लावत होती. मध्ये उभी राहायची, श्वास सोडायची, परत वाकायची. इतरांच्या चार ओळी तेव्हा तिची एक. आवणी करताना माणूस मागे मागे सरकतो. तिची पाठ हळूहळू आमच्याकडे येत होती आणि पुढे हिरवं वाढत होतं. जगनने किल्ली खिशात टाकली. तो रडत होता की पावसाचं पाणी होतं, मी निरखून बघितलं नाही. ती आमच्या बांधापाशी पोचली तेव्हा मान वळवून मला म्हणाली, “उतर की ग!” मी छत्री, साडी, चपला असं काहीतरी बोलले. मी उतरले नाही. ते मला आजही टोचतं, आणि टोचलं की मी फेऱ्या मारायला लागते.

पुढचं थोडक्यात. आठवड्याने मला आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला जावं लागलं. तिथेच जगनचा फोन आला, की आई तापाने गेली. बारकीचं भात त्याने स्वतः कापलं आणि मग भराव टाकला. मी अजून बुधवारी सबाकडे जाते. माझ्या ढिगातल्या चार विटा कमी झाल्या आहेत. दुखणं आहेच, पण आता मी त्याच्याशी भांडण कमी करते.

पण तिला शेवटचं बघितलं ते आवणीनंतर तिसऱ्या दिवशी. मी शाळेतून तडक गेले, धास्तावलेली, वाटेत दहा विचार मनात आलेले. हिराबाय ओसरीवर पालथी पडली होती आणि सून तिच्या पाठीला तेल चोळत होती. हात लावेल तिथे ती ‘आई ग, आई ग’ करत होती. मांड्या, पोटऱ्या, कंबर, खांदे, सगळं धरलं होतं. मी म्हटलं, “सासू उठली का हो?”

“न्हाय ग,” ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. “ती न्हाय ही. ही आवनीची हाय. सगल्यांना होतं. मी पोर होती तवापासून दरसाल व्हायचा.” मग तिने मान वळवली. डोळे भरले होते आणि ती हसत होती. “चार दिसांनी जाईल बघ. आपोआप जाईल. नव वर्सांनी जानारा दुखना आला मना.”

मला तिचा हेवा वाटला. असा हेवा मी कधी कोणाच्या दागिन्याचा केला नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

सुनेने वाटीतलं आणखी तेल हातावर घेतलं. हिराबायने मागे हात नेऊन तिचं मनगट धरलं.

“पुरे आता,” ती म्हणाली. “सगला नको घालवू. ऱ्हाऊ दे जरा.”